निकाहआधीची एक रक्तचाचणी : थॅलेसेमिया, नवा जनुक-उपचार आणि आपली घरे

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने 'कॅसजेव्ही' नावाच्या उपचाराला मंजुरी दिली. माणसाच्या पेशीतील जनुकात कात्री चालवून रोग बरा करणारा, क्रिस्पर तंत्रावर आधारलेला हा जगातला पहिला मंजूर उपचार. तो दोन रक्तविकारांसाठी आहे : सिकलसेल आणि थॅलेसेमिया. त्यानंतर बहरीन, अमेरिका आणि सौदी अरेबियानेही त्याला परवानगी दिली. "थॅलेसेमियावर कायमचा इलाज सापडला" असे मथळे आपल्यापैकी अनेकांनी वाचले असतील.

बातमी खरी आहे, आणि अल्लाहचे शुक्र मानावे अशीच आहे. पण त्या मथळ्यामागे आपल्या कामाची एक गोष्ट झाकली जाते. हा इलाज आज आपल्या घरापासून फार लांब आहे. उलट, थॅलेसेमियाचे मूल जन्माला येण्याआधीच धोका ओळखणारी साधी रक्तचाचणी आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी होऊ शकते. ती करायची योग्य वेळ म्हणजे रिश्ता पक्का होण्याआधी. हा लेख त्या चाचणीबद्दल आहे, आणि नव्या इलाजाबद्दलही.

थॅलेसेमिया म्हणजे काय?

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. फुप्फुसातला ऑक्सिजन शरीरभर पोहोचवायचे काम तेच करते. मोठ्या माणसाचे हिमोग्लोबिन दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचे बनते. बीटा साखळी कशी बनवायची याची सूचना ११ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. या जनुकाच्या दोन प्रती प्रत्येकाकडे असतात. एक आईकडून येते, दुसरी वडिलांकडून.

एक प्रत बिघडलेली आणि दुसरी चांगली असेल, तर माणूस 'वाहक' असतो. यालाच थॅलेसेमिया मायनर म्हणतात. तो आजारी नसतो. शाळेत जातो, शेतात राबतो, नोकरी-धंदा करतो, रोजे ठेवतो. फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी असते. आपण वाहक आहोत हे बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही.

दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर थॅलेसेमिया मेजर होतो. मूल जन्मते तेव्हा ठीक दिसते, कारण पोटात असताना बाळाकडे वेगळे, 'गर्भातले हिमोग्लोबिन' असते. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होत जाते आणि बीटा साखळीची गरज पडते. मग साधारण सहा महिने ते दोन वर्षे या वयात मूल पांढरे फटक पडू लागते. दूध पीत नाही, वजन वाढत नाही, पाणथरी वाढून पोट फुगते. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि तेही जन्मभर.

रक्त चढवल्याने जीव वाचतो, पण त्या रक्तासोबत लोहही येते. एका पिशवीत साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते आणि जास्तीचे लोह बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. ते हृदयात, लिव्हरमध्ये, ग्रंथींत साचते. ते काढण्यासाठी रोज औषध लागते. पूर्वी यासाठी पोटात सुई लावून रात्रभर पंप चालवावा लागे. आता डेफेरिप्रोन आणि डेफेरासिरॉक्स ही तोंडाने घ्यायची औषधे आहेत. नियमित रक्त आणि नियमित औषध मिळालेली मुले आज मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात, संसारही करतात. म्हणजे हा आजार आशा सोडण्याचा नाही. पण घराची कमाई, आईची झोप आणि मुलाचे बालपण यांचा मोठा हिस्सा दवाखान्यात जातो, हेही तितकेच खरे.

वाटाण्यांचा हिशोब आपल्या घरात

नववीच्या विज्ञानात मुले मेंडेलचे वाटाणे शिकतात. त्याच पुस्तकात दात्रपेशी पांडुरोग, म्हणजे सिकलसेल, येतो. हिशोब तोच आहे.

आई-वडिलांपैकी एकच वाहक असेल, तर कुठलेही मूल मेजर होत नाही. काही मुले फक्त वाहक निघतात.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता मूल मेजर असण्याची, ५० टक्के वाहक असण्याची आणि २५ टक्के पूर्ण मोकळे असण्याची असते.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. "चारात एक म्हणजे पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन चांगली होणार," असे लोक धरून चालतात. तसे नाही. चिठ्ठी प्रत्येक वेळी नव्याने काढली जाते. एकाच घरात दोन-तीन मुले मेजर असू शकतात, आणि सगळी चांगलीही असू शकतात.

भारतात बीटा थॅलेसेमियाचे वाहक सरासरी ३ ते ४ टक्के मानले जातात. म्हणजे पंचवीस-तीस माणसांत एक. एखाद्या वर्गात साठ मुले असतील तर त्यात दोन वाहक असायला हरकत नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा अशा काही समाजांत हे प्रमाण जास्त आढळले आहे. दरवर्षी देशात दहा हजारांच्या आसपास मुले मेजर जन्मतात.

नात्यात लग्न आणि आठात एक

हा रोग मुसलमानांचा नाही. तो कुठल्याच धर्माचा नाही. पण लग्ने ज्या वर्तुळात होतात, त्याचा याच्याशी संबंध आहे, आणि आपल्याकडे हा विषय टाळला जातो म्हणून सरळ बोलू.

मुलगा वाहक आहे आणि मुलगी नात्याबाहेरची आहे, तर मुलगी वाहक असण्याची शक्यता पंचवीस-तीसात एक. तीच मुलगी सख्खी चुलत, मामे, आते किंवा मावस बहीण असेल, तर ही शक्यता आठात एकपेक्षा थोडी जास्त होते, कारण दोघांचे आजी-आजोबा एक आहेत. आणि समजा मुलाला बिघडलेले जनुक आईकडून आले हे माहीत आहे, आणि मुलगी सख्ख्या मामाची आहे, तर शक्यता चारात एक होते.

मामाच्या मुलीशी लग्नाची चाल महाराष्ट्रात अनेक हिंदू समाजांतही आहे. त्यामुळे हा प्रश्न फक्त आपला नाही. शिवाय सख्खे नाते नसले तरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच जमातीत रिश्ते होत असतील, मग ती मेमन असो, खोजा, बोहरा, कोकणी, बागवान किंवा मोमीन, तर लांबचे नाते आपोआप तयार होत जाते.

शरीअतने चुलत-मामे नात्यात निकाह जायज ठेवला आहे, फर्ज केलेला नाही. म्हणून "नात्यात लग्न करूच नका" असे सांगायची गरज नाही. गरज आहे ती, करायचे असेल तर आधी तपासून करण्याची.

चाचणी कोणती, कशी?

पहिली पायरी सीबीसी. ही नेहमीची रक्तचाचणी काही शे रुपयांत कुठल्याही लॅबमध्ये होते. रिपोर्टमध्ये फक्त हिमोग्लोबिन पाहू नका. एमसीव्ही आणि एमसीएच या दोन ओळी पाहा. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचा आकार, आणि एमसीएच म्हणजे एका पेशीतले हिमोग्लोबिन. एमसीव्ही ८० पेक्षा कमी किंवा एमसीएच २७ पेक्षा कमी असेल तर पुढची चाचणी हवी.

दुसरी पायरी एचपीएलसी. यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजले जातात. एचबीए२ नावाचा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांपेक्षा जास्त आला, तर माणूस बहुधा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असतो. याच चाचणीत सिकलसेलसारखे इतर दोषही दिसतात. हे महत्त्वाचे आहे, कारण एक जण थॅलेसेमियाचा आणि दुसरा सिकलसेलचा वाहक असला तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली या भागांत सिकलसेल जास्त आहे, तिथल्या कुटुंबांनी हे खास लक्षात ठेवावे.

तीन गोष्टी जपा :

१. लोहाच्या कमतरतेतही एमसीव्ही कमी येतो. म्हणून "रक्त कमी आहे" एवढ्यावर वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांनी एकदा एचपीएलसी करून पाहावी. कमतरता नसलेल्या वाहकाला लोहाचा फायदा होत नाही.

२. लोह फार कमी असेल तर एचबीए२ थोडा खाली दिसू शकतो आणि रिपोर्ट काठावर येतो. अशा वेळी डॉक्टर आधी लोह भरून काढून चाचणी पुन्हा करायला सांगतात, किंवा डीएनए तपासणी करतात.

३. अलीकडे रक्त चढवले असेल तर चाचणी चुकू शकते. साधारण तीन महिने थांबा.

ही चाचणी आयुष्यात एकदाच लागते. वाहक असणे बदलत नाही. रिपोर्ट आधार कार्डासारखा जपून ठेवा.

आधी मुलाची चाचणी

आपल्याकडे तब्येतीचा प्रश्न निघाला की बोट मुलीकडे जाते. मुलीचा रिपोर्ट मागवला जातो, त्यात काही निघाले की ती बातमी सगळ्या नात्यात फिरते आणि तिचे रिश्ते अडतात. मुलाचे रक्त कोणी तपासतच नाही. हे जुलमाचेही आहे आणि विज्ञानाच्या दृष्टीने चुकीचेही. एकटा वाहक कुणाचेच नुकसान करत नाही. प्रश्न फक्त जोडीचा आहे.

इराणने यावर चांगली वाट काढली. तिथे १९९७ पासून निकाहनोंदणीआधी ही तपासणी देशभर सक्तीची झाली. आधी नवऱ्या मुलाचे रक्त तपासतात. त्याचे एमसीव्ही-एमसीएच ठीक असेल तर तिथेच थांबतात, मुलीला सुई टोचायची वेळच येत नाही. मुलाचे कमी असेल तरच मुलीचे पाहतात, आणि दोघांचे कमी आले तर एचबीए२. यात खर्चही वाचतो आणि मुलीची इज्जतही. आपल्याकडे सिकलसेलचा भाग असेल तर मात्र एकट्या सीबीसीवर थांबू नये, कारण सिकलसेलच्या वाहकाची सीबीसी नॉर्मल असू शकते. तिथे एचपीएलसी करूनच घ्यावी.

सौदी अरेबियातही २००४ पासून निकाहआधी थॅलेसेमिया आणि सिकलसेलची तपासणी सक्तीची आहे. निकाल काहीही आला तरी लग्न करायचे की नाही हे जोडपेच ठरवते. सायप्रसमध्ये तर ख्रिश्चन चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली आणि तिथे मेजर मुलांचे जन्म जवळजवळ थांबले. दीनी संस्था पुढे आल्या की हे काम होते, हाच यातला सबक आहे.

दोघेही वाहक निघाले तर?

रिश्ता ठरायच्या आधी कळले, तर दोन्ही घरांनी शांतपणे विचार करावा. रिश्ता पुढे न नेणे हा एक पर्याय आहे. त्यात कुणाची बदनामी नाही. वाहक मुलीचा निकाह वाहक नसलेल्या मुलाशी झाला तर मेजर मुलाची भीती नाही, आणि वाहक मुलाचेही तसेच.

निकाह झालेला असेल, तर तलाक हा इलाज नव्हे. अशा जोडप्याने गरोदर राहण्याआधीच तज्ज्ञांना भेटावे. गर्भ साधारण ११ आठवड्यांचा झाला की वारेचा बारीक तुकडा घेऊन, किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन, बाळ मेजर आहे का ते तपासता येते. मुंबईत परळच्या केईएम हॉस्पिटलच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. लोक तिला एनआयआयएच म्हणतात. या विषयात तिने बरीच वर्षे काम केले आहे. ही तपासणी नोंदणी झालेल्या केंद्रातच होते आणि त्यात लिंग सांगितले जात नाही.

बाळ मेजर निघाले तर पुढे काय, हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. मक्केतल्या राबिता आलम-ए-इस्लामीच्या फिकह परिषदेने १९९० मध्ये असा निर्णय दिला की, विश्वासू तज्ज्ञ डॉक्टरांच्या समितीने गर्भात गंभीर आणि असाध्य दोष असल्याचे सांगितले, तर १२० दिवस पुरे होण्याआधी आई-वडिलांच्या विनंतीवरून गर्भपाताला मुभा आहे. सगळ्या उलेमांचे यावर एकमत नाही. म्हणून आपल्या भरवशाच्या मुफ्तींना, डॉक्टरांचा रिपोर्ट समोर ठेवून, वेळेत विचारा. इथे वेळेला फार महत्त्व आहे. पाचव्या महिन्यात विचारायला गेलात तर बरेच दरवाजे बंद झालेले असतात. आणि एखादे जोडपे मूल ठेवायचे ठरवते, तर त्यांना टोमणे न मारता मदत करणे हे आपले काम.

मग नवा इलाज काय करतो?

क्रिस्पर हे मूळचे जिवाणूंचे शस्त्र. विषाणू घुसला की जिवाणू त्याचा जनुकीय धागा कापतात. ते तंत्र वापरून हवा तिथे डीएनए कापता येतो हे जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी २०१२ मध्ये दाखवले. त्यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

कॅसजेव्हीमध्ये बिघडलेले बीटा जनुक दुरुस्त करत नाहीत. युक्ती वेगळी आहे. वर 'गर्भातले हिमोग्लोबिन' आले ना, ते जन्मानंतर बंद करायचे काम बीसीएल११ए नावाच्या जनुकाकडे असते. तो एक प्रकारचा ब्रेक आहे. रुग्णाच्याच रक्तातून मूळपेशी काढतात, प्रयोगशाळेत त्या पेशींतला हा ब्रेक निकामी करतात आणि पेशी परत शरीरात सोडतात. मग शरीर पुन्हा गर्भातले हिमोग्लोबिन बनवू लागते आणि बीटा साखळीवाचून काम भागते.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरेसा काळ पाहिलेल्या ३५ थॅलेसेमिया रुग्णांपैकी ३२ जणांना वर्षभर किंवा जास्त काळ रक्त चढवावे लागले नाही. हे यश फार मोठे आहे.

आता दुसरी बाजू. पेशी परत सोडण्याआधी जुनी अस्थिमज्जा रिकामी करायला जोरदार केमोथेरपी द्यावी लागते. त्यात जंतुसंसर्गाचा धोका असतो, पुढे मूल होण्यावरही परिणाम होऊ शकतो, आणि कित्येक आठवडे दवाखान्यात राहावे लागते. मंजुरी १२ वर्षांवरील रुग्णांसाठी आहे. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे साधारण १८-१९ कोटी रुपये. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेने २०२४ मध्ये तो थॅलेसेमियासाठी स्वीकारला, तिथे खर्च सरकार करते.

आणि एक गोष्ट बातम्यांत क्वचितच सांगतात. हा बदल फक्त रक्त बनवणाऱ्या पेशींत होतो. बीजात होत नाही. बरा झालेला रुग्णही आपल्या मुलांना बिघडलेले जनुकच देतो. त्यामुळे इलाज कितीही स्वस्त झाला, तरी जोडीदाराची चाचणी करावीच लागणार.

भारतातही काम चालू आहे. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार विकसित केला असून त्याला बिरसा मुंडांचे नाव दिले आहे. ते तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले आहे. पुढे किंमत उतरेल अशी आशा ठेवायला जागा आहे, इन्शाअल्लाह.

ज्या घरात मूल आहे त्यांच्यासाठी

आज भारतात बरे होण्याचा हाताशी असलेला मार्ग म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. सख्ख्या भावा-बहिणीचा एचएलए जुळला तर निकाल चांगला येतो. प्रत्येक भावंडाची जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. लहान वयात, लोह साचायच्या आधी केले तर जास्त फायदा. खर्च मोठा आहे, पण कोल इंडियाच्या मदतीने चालणाऱ्या 'थॅलेसेमिया बाल सेवा योजने'तून पात्र मुलांना १० लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबईत बोरिवली पूर्वेला महापालिकेचे थॅलेसेमिया आणि बोन मॅरो प्रत्यारोपणाचे केंद्र आहे.

सरकारी रक्तपेढीत थॅलेसेमियाच्या रुग्णाला रक्तासाठी पैसे द्यावे लागू नयेत असे धोरण आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे आजार आहेत, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. हा हक्क आहे, खैरात नाही.

जमातीने काय करावे?

ईद-ए-मिलादला आपल्याकडे ठिकठिकाणी रक्तदान शिबिरे होतात, फार चांगले काम आहे. पण या मुलांना रक्त बारा महिने लागते. मे महिन्यात कॉलेजे बंद असतात तेव्हा रक्तपेढ्या कोरड्या पडतात. एखादे शिबिर ८ मे रोजी, जागतिक थॅलेसेमिया दिनी, ठेवता येईल.

सामुदायिक निकाहच्या नोंदणीच्या दिवशीच वर-वधूंची सीबीसी आणि एचपीएलसी करता येईल. त्याहून बरे म्हणजे दहावी-बारावीनंतर, कुठलाही रिश्ता नजरेत नसताना, मुलामुलींची तपासणी करून रिपोर्ट बंद पाकिटात त्यांच्याच हाती द्यावा. तेव्हा तारीख ठरलेली नसते, हॉल बुक झालेला नसतो, कुणाचा चेहरा पडायचा नसतो. जुमाच्या बयानात इमामसाहेबांनी दोन मिनिटे यावर बोलले, तर दहा पत्रकांचे काम होईल.

बायोडाटामध्ये आपण शिक्षण, उंची, रंग, घर, गाडी सगळे लिहितो. त्यात एक ओळ वाढवू : "थॅलेसेमिया तपासणी झाली आहे." आणि ही ओळ आधी मुलाच्या बायोडाटात येऊ द्या.